डे फाइव्ह गायब आहे म्हणून रिटर्न करू नका

आधी कबुली देऊन टाकतो. हे पुस्तक मी रिटर्नला टाकलं होतं आणि कारण दिलं होतं "मिसिंग पेजेस".

पुस्तक म्हणजे काझुओ इशिगुरोचं 'द रिमेन्स ऑफ द डे'. ऑनलाइन मागवलं, पेपरबॅक, अडीचशे पानांच्या आसपास. प्रकरणांना नावं अशी नाहीत, नुसता दिवस आणि गाव. डे वन सॅलिसबरी, मग डे टू, डे थ्री करत करत डे फोर लिटल कॉम्पटन, आणि पान उलटलं की डायरेक्ट डे सिक्स, वेमथ. पाचवा दिवस नाहीच. आता याआधी एका सेलरने मला एकदा पायरेटेड माल पाठवलेला, त्यात सोळा पानांचा एक फर्मा दोनदा बांधलेला आणि पुढचा गायब, त्यामुळे दुधाने तोंड पोळलेलं होतंच, माझं डोकं लगेच फिरलं. रात्री साडेअकराला लाइट लावून पानांचे फोटो काढले, एक स्टार देऊन चार ओळी झाडल्या, रिटर्न रिक्वेस्ट टाकली आणि झोपलो. शेवटचं प्रकरण न वाचताच, कारण म्हटलं मधलंच नाही तर शेवट कशाला वाचायचा. सकाळी चहा पिताना सहज पानांचे नंबर बघितले. सलग आहेत. एक पान कमी नाही. पाचव्या दिवसाचं प्रकरण लेखकाने लिहिलेलंच नाही.

मग शेवटचं प्रकरण वाचलं, तिथेच डायनिंग टेबलवर बसून, आणि चहावर साय धरली.

तर हा रिव्ह्यू त्या एक स्टारच्या बदल्यात समजा. स्टोरी सांगणार आहे, स्पॉइलर वगैरे म्हणू नका, या पुस्तकात स्पॉइल व्हायला तसं काही नाहीये.

मी वाचणारा माणूस नाही हेही सांगतो. एका हॉटेलच्या बँक्वेटमध्ये २१ वर्षं काढली, ट्रेनी स्टुअर्ड म्हणून लागलो, कॅप्टन झालो, आता नाशिकला स्वतःचं छोटं केटरिंग आहे, लग्न-मुंजी-साठीशांत असली कामं. आमच्या जुन्या स्टाफच्या ग्रूपवर कुणीतरी टाकलं की एका बटलरवर कादंबरी आहे आणि तिला नोबेल वगैरे मिळालंय, म्हणून मागवली. (नोबेल पुस्तकाला नसतं, लेखकाला असतं, ते इशिगुरोला २०१७ ला मिळालं. या पुस्तकाला बुकर मिळालं, १९८९ ला, म्हणजे आलं त्याच वर्षी.) लेखक जन्माने जपानी, नागासाकीचा, १९५४ चा, पाच वर्षांचा असताना आईबापांबरोबर इंग्लंडला गेला. आणि त्याने लिहिलंय काय, तर इंग्रजांहून इंग्रज असा बटलर. पहिला कच्चा खर्डा म्हणे त्याने चार आठवड्यांत काढला, रविवार सोडून रोज सकाळपासून रात्रीपर्यंत बसून, दुसरं काही करायचंच नाही असं ठरवून. माझ्याकडे चार आठवड्यांत गिऱ्हाईक मेन्यू फायनल करत नाही.

गोष्ट एवढीच. १९५६ चा जुलै. डार्लिंग्टन हॉल नावाचा मोठा वाडा, जुने मालक लॉर्ड डार्लिंग्टन वारलेत, वाडा फॅरडे नावाच्या अमेरिकन माणसाने घेतलाय. एके काळी तिथे २८ नोकर होते, आता चार. त्यातला एक स्टीव्हन्स, हेड बटलर, सगळी गोष्ट तोच सांगतो. नवीन मालक म्हणतो मी काही आठवडे अमेरिकेला चाललोय, तू माझी फोर्ड गाडी घे आणि जरा फिरून ये, पेट्रोलचे पैसे मी देतो. स्टीव्हन्सला सुट्टी म्हणजे काय हेच माहीत नाही. पण मिस केंटनचं पत्र आलेलं असतं. ही तिथली जुनी हाऊसकीपर, म्हणजे बटलरच्या बरोबरीची पोस्ट, मुलींचा सगळा स्टाफ तिच्या हाताखाली. वीस वर्षांपूर्वी लग्न करून गेली. आता पत्रावरून याला वाटतं की संसार काही ठीक दिसत नाही, कदाचित परत कामावर येईल, आणि आपल्याला ड्युटी चार्टमध्ये माणूस कमी पडतोयच. म्हणून तो तिला भेटायला निघतो. ऑफिशियली स्टाफच्या प्रॉब्लेमसाठी.

हे "ऑफिशियली" तो पूर्ण पुस्तकभर धरून बसतो. तिचं पत्र तो किती वेळा काढून वाचतो बघा, आणि दर वेळी त्याला त्यातून कामाचाच मुद्दा सापडतो.

पहिली साठेक पानं जड जातात हे खरं. इंग्लिश अवघड शब्दांचं नाही पण वाक्यं लांब, अदबशीर, हातात ट्रे घेऊन चालल्यासारखी, कुठे काही सांडू नये म्हणून जपून. तो पानंच्या पानं एका गोष्टीवर बोलतो की ग्रेट बटलर म्हणजे काय, आणि उत्तर काढतो "डिग्निटी". आपल्यात आब म्हणतात ते. माझी बायको दोन पानांत झोपली. मला मात्र मजा येत होती कारण चांदी पॉलिश करण्यावर त्यात सविस्तर मजकूर आहे, कुठल्या कंपनीचं पॉलिश चांगलं होतं, ते बाजारात आल्यावर चांदीला कसे दिवस आले, आणि लॉर्ड हॅलिफॅक्स, म्हणजे तेव्हाचा बडा इंग्रज पुढारी, येऊन चमचे बघून खूश झाला ते स्टीव्हन्स असं सांगतो जसं आपल्याकडे एखादा म्हातारा यशवंतराव चव्हाण आमच्या घरी जेवले होते सांगेल. गरम पाण्यात व्हिनेगर टाकून चार-चारशे काटे-चमचे पुसलेल्या माणसाला हे वाचताना घरी आल्यासारखं होतं.

आणि एक वाघाची गोष्ट आहे, ती चक्क इंडियातली. स्टीव्हन्सचे वडीलही बटलर, त्यांची ही आवडती गोष्ट. साहेबाबरोबर इंडियात आलेला एक बटलर डायनिंग रूममध्ये जातो तर टेबलाखाली वाघ पडलेला. तो शांतपणे दार लावतो, दिवाणखान्यात पाहुण्यांबरोबर चहा पीत बसलेल्या मालकाच्या कानात सांगतो, बारा बोअरची बंदूक वापरायची परवानगी मागतो. पाहुण्यांना तीन बार ऐकू येतात. थोड्या वेळाने हा चहा भरायला परत, आणि सांगतो की जेवण नेहमीच्या वेळेला लागेल आणि तोपर्यंत झाल्या प्रकाराची खूणही राहणार नाही. गोष्ट खरी-खोटी देव जाणे पण बापाने आयुष्यभर तोच बटलर व्हायचा प्रयत्न केला, आणि मुलाने बापासारखा. दोघांच्याही टेबलाखाली वाघ होता आणि दोघांनी जेवण वेळेवर लावलं, असं मी म्हणेन.

आता मुद्द्याचं.

ट्रेनी लागलो तेव्हा पहिल्या महिन्यात आम्हाला शिकवलेलं की टेबल वाचायला शिक. गेस्ट तोंडाने सांगत नसतो. काटा-चमचा कसा ठेवलाय, पाण्याला हात लावलाय का, नवराबायको मेन्यू एकत्र बघतायत की दोन मेन्यू मागितलेत, कोण सारखं दाराकडे बघतंय, हे बघून तू समजायचं आणि तू समजलास हे त्याला कळू द्यायचं नाही. हे पुस्तक वाचताना पन्नासेक पानांनंतर माझ्या लक्षात आलं की अरे इथे उलटं झालंय. इथे स्टीव्हन्स टेबलवर बसलाय आणि स्टुअर्ड मी आहे. तो काहीच सांगत नाही. हवापाणी, रस्ता, चांदी, मालकाचा मोठेपणा यावर बोलत राहतो, आणि मला त्याच्या काट्या-चमच्यावरून ओळखायचंय.

सगळ्यात मोठा सीन घ्या. १९२३ चा मार्च, डार्लिंग्टन हॉलमध्ये मोठी कॉन्फरन्स, देशोदेशीचे बडे लोक, पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेला तह सैल करावा म्हणून. स्टीव्हन्सच्या करिअरचं सगळ्यात मोठं फंक्शन. आणि त्याच वेळी वर माळ्याच्या खोलीत त्याचा बाप मरायला टेकलाय. खाली फ्रेंच पाहुण्याचे पाय दुखतायत, त्याला पाय शेकायला पाणी पाहिजे. मालकाचा मानसपुत्र मिस्टर कार्डिनल, ज्याचं लग्न ठरलंय, तो त्याला माशांबद्दल काहीतरी सांगतोय. (त्याच्याशी लग्नानंतरच्या गोष्टींबद्दल बोल अशी जबाबदारी मालकाने या बटलरवर टाकलेली असते, तो सगळा प्रकार फार विनोदी आहे, मी एकटाच हसत होतो.) स्टीव्हन्स पोर्ट वाइन ओतत फिरतोय. तो आपल्याला सांगतो मी ओतत होतो, पाहुणे खुशीत होते, अमुक म्हणाला, तमुक म्हणाला. आणि मध्येच कार्डिनल विचारतो, स्टीव्हन्स, तुला बरं आहे ना? हा म्हणतो एकदम बरं आहे सर. परत पुढे. मग लॉर्ड डार्लिंग्टन स्वतः येतात, स्टीव्हन्स, ठीक आहेस ना, तू रडतोयस असं वाटतंय.

आता बघा. स्टीव्हन्सने आपल्याला सांगितलेलंच नाही की तो रडतोय. त्याच्या सांगण्यात तर तो पोर्ट ओततोय. डोळ्यांतलं पाणी आपल्याला दिसतं ते मालकाच्या एका वाक्यातून, तेही मालक दुसऱ्याच घाईत असताना. मग हा हसतो, रुमाल काढून तोंड पुसतो आणि म्हणतो सॉरी सर, दिवसभराची दगदग. आणि लगेच पुढचं काम. थोड्या वेळाने मिस केंटन येऊन सांगते की चार मिनिटांपूर्वी तुमचे वडील गेले. हा म्हणतो मी आत्ता वर आलो नाही तर गैर समजू नका, वडिलांची इच्छा हीच असती की मी काम चालू ठेवावं. ती विचारते त्यांचे डोळे मी मिटू का. तो म्हणतो उपकार होतील. डॉक्टर येतो तर त्याला आधी सांगतो खाली एका पाहुण्याच्या पायांकडे बघायचंय.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक पालथं ठेवलं आणि गच्चीवर जाऊन आलो. आणि मला हे पण कळत होतं की त्याने जर लिहिलं असतं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, बाबा बाबा, तर मी पुढचं पान उलटलं असतं फक्त.

आपल्याकडे असलं काही नसतं असं कुणी म्हणेल, आपण मोकळे रडणारे लोक. मी केटरर आहे, मी तुम्हाला सांगतो. पाठवणीच्या वेळी हॉलच्या दारात जो गोंधळ असतो, मावश्या, आत्या, व्हिडिओवाला लाइट मारतोय, तिथे मुलीचा बाप बऱ्याचदा नसतोच. तो माझ्याकडे आलेला असतो, मागे भटारखान्यात, गॅसच्या शेगड्या विझवतोय तिथे. आणि विचारतो, किती प्लेटा झाल्या? हिशोब दुसऱ्या दिवशी दिला तरी चालणार असतो, तसं ठरलेलंही असतं. तरी त्याला आत्ता पाहिजे. मी सांगतो साडेचारशेला सतरा कमी. तो म्हणतो गुलाबजाम उरले असतील ना, ते डब्यात भरून ठेवा. मग जरा थांबतो. मग म्हणतो, मठ्ठा छान होता. मी असे किती बाप बघितले असतील, शंभर तरी. मी त्यांना पाणी देतो आणि प्लेटांबद्दलच बोलत राहतो, जितका वेळ त्यांना बोलायचंय तितका वेळ. या माणसांवर कुणी सिनेमा काढत नाही असं वाटायचं, तर हे पूर्ण पुस्तकच त्यांच्यावर निघालं, फक्त इंग्लंडचं.

आता एक सीन असा आहे की जो मी परत वाचणार नाही.

म्हातारे वडील सत्तरीत पोहोचलेत आणि मुलाच्याच हाताखाली अंडर-बटलर म्हणून लागलेत. सांधे धरलेत, चुका व्हायला लागल्यात, आणि एके दिवशी बागेत पाहुण्यांसाठी ट्रे घेऊन चालताना पायरीपाशी पडतात, कपबश्या सगळ्या गवतावर. मालक मुलाला बोलावून गोड शब्दांत सांगतो की त्यांची कामं कमी कर. मग स्टीव्हन्स पहाटे वडिलांच्या खोलीत जातो. म्हातारा आधीच दाढी करून, युनिफॉर्म चढवून खुर्चीत बसलेला. मुलगा बापाशी तिसऱ्या पुरुषात बोलतो, म्हणजे समोर बसलेल्या बापाला "वडिलांना बरं वाटतंय का" असं. बाप म्हणतो सांगायचं ते थोडक्यात सांग, मला सकाळभर वेळ नाही. आणि मुलगा सांगतो की इथून पुढे टेबलवर वाढायचं काम तुमच्याकडे नाही. बाप एवढंच म्हणतो की गेली ५४ वर्षं मी रोज टेबलवर वाढलंय. आणि त्या पायऱ्या वाकड्या आहेत, त्या नीट करून घ्यायला सांग, आणखी कुणी पडायच्या आत.

बस. रागावणं नाही, गळाभेट नाही. पुढे एकदा मिस केंटन आणि स्टीव्हन्स खिडकीतून बघतात तर म्हातारा संध्याकाळच्या उजेडात त्या पायऱ्यांपाशी एकटाच खाली-वर चालतोय, नजर जमिनीवर, जणू काहीतरी मौल्यवान पडलंय ते शोधतोय. हे मिस केंटनला तीसेक वर्षांनंतरही लक्षात असतं, पत्रात लिहिते ती.

आमच्याकडे एक मामा होते. सगळा स्टाफ मामाच म्हणायचा. माझ्याही आधीपासूनचे, मला ट्रे धरायला त्यांनी शिकवलं, पाच बोटांवर कसा घ्यायचा, वजन मनगटावर येऊ द्यायचं नाही. ड्युटीवर मला साहेब म्हणायचे आणि बाहेर चहाच्या टपरीवर बाळ. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. सूप सर्व्हिसला एका बाईंच्या साडीवर पडलं, गरम नव्हतं फार, पण साडी पैठणी होती. मॅनेजरने मला बोलावलं, गोड शब्दांतच. मी ब्रीफिंगच्या आधी मामांना बाजूला घेतलं आणि म्हटलं मामा, आजपासून तुम्ही मुखवासच्या काउंटरला उभे राहा, तिथे सीनियर माणूस पाहिजे. ते माझ्याकडे बघत होते. म्हणाले, चालेल साहेब. मी त्या वेळी स्वतःवर खूश होतो, किती व्यवस्थित हँडल केलं म्हणून. मुखवासच्या काउंटरला हातमोजे लागत नाहीत, तिथे फक्त बडीशेप-धनाडाळीच्या वाट्या आणि चमचे. मामा शेवटपर्यंत पांढरे हातमोजे घालून उभे राहिले. धुतलेले, इस्त्री केलेले.

असो. पुस्तकाबद्दल बोलत होतो.

मिस केंटनचं काय ते थोडक्यात सांगतो कारण ते तुम्ही स्वतः वाचलं पाहिजे. ती दोघं रात्री काम संपल्यावर कोको पीत दिवसाचा आढावा घेतात, म्हणजे रोजची मीटिंग. ती एकदा त्याच्या खोलीत फुलं घेऊन येते, त्याला नको असतात. एकदा तो पुस्तक वाचत बसलेला असताना येते, काय वाचताय म्हणते, तो दाखवत नाही, ती त्याची बोटं एक-एक करून पुस्तकावरून सोडवते. पुस्तक निघतं साधी लव्ह स्टोरी. हा म्हणतो मी इंग्लिश सुधारायला वाचतो. तो बोटं सोडवायचा प्रसंग जेमतेम पानभर असेल, त्यात कोणी कोणाला काही बोलत नाही, आणि मला खोलीचं दार लावून घ्यावंसं वाटलं.

आणखी एक ट्रिक आहे ती दुसऱ्यांदा वाचताना लक्षात येते. तो सांगतो की एकदा मी मिस केंटनच्या दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये उभा होतो आणि मला खात्री होती की ती आत रडतेय. कारण सांगतो की तिची मावशी वारली तो दिवस. पुढे बऱ्याच पानांनी म्हणतो नाही, माझी आठवण चुकली, तो दिवस तो नव्हता, ती वेगळी रात्र होती. ती रात्र म्हणजे तिने याला सांगितलं की मी दुसऱ्याला लग्नाचा होकार देऊन आले, आणि याने अभिनंदन करून वरच्या पाहुण्यांचं कारण दिलं ती. आठवण चुकली म्हणे. एवढ्या चांदीच्या चमच्यांचा हिशोब तोंडपाठ असलेल्या माणसाची.

तक्रारी पण सांगतो, नाहीतर म्हणाल पेड रिव्ह्यू आहे. मॉस्कम नावाच्या खेड्यात गाडीचं पेट्रोल संपतं आणि गावकरी याला बडा साहेब समजून राजकारणावर गप्पा मारतात, तो भाग मला लांबल्यासारखा वाटला. लॉर्ड डार्लिंग्टनचं प्रकरण मात्र सोडून देऊ नका, तिथे सावकाश वाचा. हा मालक मनाने सज्जन पण नाझींच्या नादी लागलेला. एके दिवशी सांगतो की घरातल्या दोन ज्यू मोलकरणींना काढून टाक. मिस केंटन भडकते, म्हणते त्या गेल्या तर मीही जाईन. स्टीव्हन्स म्हणतो मालकाचा हुकूम आहे, आपल्या भावनांचा प्रश्न नाही, आणि कोको पितापिताच त्या दोघींना काढायची वेळ ठरवतो. वर्षभराने मालकाला पश्चात्ताप होतो, तेव्हा हा मिस केंटनला येऊन सांगतो की मलाही तेव्हा वाईट वाटलं होतं. ती विचारते मग तेव्हाच का नाही सांगितलं, मला किती आधार वाटला असता. याच्याकडे उत्तर नाही. शांत राहणं म्हणजे मोठेपणा अशी माझी पण समजूत होती, इथे लेखक ती समजूत काढून हातात देतो. हा माणूस गप्प राहिला म्हणून दोन पोरी रस्त्यावर आल्या. मिस केंटनही शेवटी जात नाही, जायला जागा नसते म्हणून, आणि ते ती स्वतःच्या तोंडाने कबूल करते. तिच्यात आणि त्याच्यात फरक तेवढाच.

सिनेमा आहे यावर, १९९३ चा. अँथनी हॉपकिन्स आणि एमा थॉम्पसन, डायरेक्टर जेम्स आयव्हरी, आणि प्रोड्यूसरमध्ये आपला मुंबईचा इस्माईल मर्चंट. ऑस्करची आठ नॉमिनेशन्स होती आणि एकही मिळालं नाही, जे या गोष्टीला शोभतं. मी पुस्तकानंतर बघितला. सुंदर आहे, पण हॉपकिन्सला चेहरा आहे. त्याचा ओठ जरा हलला की आपल्याला कळतं. पुस्तकात चेहरा नाही, नुसता आवाज, आणि तो आवाज तर एकदम सर्व्हिसच्या टोनमध्ये. त्यामुळे काम आपल्याला करावं लागतं. पहिले पुस्तक, मग सिनेमा, उलटं करू नका.

आता तो पाचवा दिवस.

चौथ्या दिवशी दुपारी तो लिटल कॉम्पटनच्या हॉटेलात बसलेला असतो, बाहेर पाऊस, थोड्याच वेळात तिला भेटायला जायचंय. तिथे प्रकरण संपतं. पुढचं प्रकरण सहावा दिवस, संध्याकाळ, वेमथचा समुद्रकिनारा, लाकडी धक्क्यावर रंगीत दिवे लागायची वाट बघत लोक उभे. भेट होऊन दोन दिवस झालेत. मग तो सांगायला लागतो की हो, भेट झाली, चहा घेतला, जुन्या गोष्टी निघाल्या. ती परत कामावर येणार नाही, मुलीला बाळ होणार आहे. बसस्टॉपवर पावसात उभे असताना ती म्हणते की कधी कधी मनात येतं, तुमच्याबरोबर आयुष्य काढलं असतं तर कसं झालं असतं. आणि इथे, अख्ख्या पुस्तकात एकदाच, तो कबूल करतो की त्या क्षणी माझं काळीज तुटत होतं. एकच वाक्य. त्याच्या पुढच्या वाक्यात तो हसून तिला सांगतो की आता घड्याळ मागे फिरवता येत नाही, आणि नवऱ्याबरोबर तुमचे चांगले दिवस यायचेत. बस येते.

मग तो धक्क्यावर एका अनोळखी माणसाशी बोलत असतो. तो पण रिटायर्ड बटलर, छोट्या घरातला. आणि तो माणूस म्हणतो, हे घ्या, रुमाल पाहिजे का, तसा स्वच्छ आहे, सकाळी एकदाच नाक पुसलंय. परत तेच. स्टीव्हन्स रडतोय हे परत आपल्याला दुसऱ्याच्या खिशातल्या रुमालावरून कळतं. पण या वेळी समोर मालक नाही आणि हातात पोर्टची बाटली नाही.

तर पाचव्या दिवशी तो कुठे होता, काय केलं, गाडी चालवली की खोलीत बसून राहिला, जेवला की नाही, काहीच नाही. हा माणूस रोज रात्री बसून रेडिएटरमधल्या पाण्यापासून सगळं लिहिणारा. त्या दिवसाचं एक अक्षर नाही.

आमच्याकडे बँक्वेटचं लॉगबुक असायचं, दर शिफ्टला कॅप्टनने लिहायचं. हॉटेल सोडताना माझ्या शेवटच्या दोन वह्या मी मागून घेतल्या होत्या, आठवण म्हणून. पुस्तक संपल्यावर त्या काढल्या. मामा ज्या दिवसापासून यायचे बंद झाले ती तारीख मला पाठ आहे, पान लगेच सापडलं. माझ्या अक्षरात लिहिलंय, "मुखवास काउंटर – नवीन माणूस बघणे." खाली दोन चाफिंग डिशची झाकणं दुरुस्तीला पाठवल्याची नोंद.

रेटिंग साडेचार. अर्धा स्टार मॉस्कमच्या गप्पांचा कापला. घ्यायचं असेल तर ओरिजिनल घ्या, पायरेटेडचं प्रिंटिंग पुसट असतं आणि या पुस्तकात एक ओळ हुकली की गेलं. ज्यांना पहिल्या पानावर मर्डर लागतो त्यांनी घेऊ नये. ज्यांनी कधी कुणाच्या हाताखाली किंवा कुणाला हाताखाली घेऊन काम केलंय त्यांनी घ्यावं. प्रवासात वाचू नका, रेल्वेत समोरचे लोक बघतात.

रिटर्न मी कॅन्सल करायला विसरलो होतो, त्यामुळे तिसऱ्या दिवशी पिकअपवाला पोरगा दारात हजर. म्हणाला, सर मिसिंग पेजेस लिहिलंय, कुठली पानं? मी म्हटलं पानं आहेत रे, माझंच चुकलं. मग कॅन्सल करू? म्हटलं कर. तर म्हणे सर, कॅन्सलला पण कारण टाकावं लागतं, आणि मोबाईलवरची लिस्ट माझ्यासमोर धरली. मी वरपासून खालपर्यंत वाचली. मी काही बोलेना तेव्हा त्याने स्वतःच सगळ्यात खालचं "अदर" दाबलं आणि गाडीला किक मारली.